५२ − २७ = ३५ : एका चुकीच्या उत्तरात पियाजे, व्हायगॉट्स्की आणि स्किनर

तिसरीच्या वहीत ५२ − २७ = ३५ असं दिसलं की आपला हात सवयीने लाल पेनाकडे जातो. एक फुली, शेजारी बरोबर उत्तर, खाली 'सराव कर'. डी.एल.एड., बी.एड. किंवा टीईटी या शिक्षक होण्यासाठीच्या परीक्षांसाठी घोटून पाठ केलेले पियाजे, व्हायगॉट्स्की, ब्रूनर, स्किनर, बांडुरा हे मानसशास्त्रज्ञ त्या क्षणी कुठेच नसतात. त्यांची जागा परीक्षेत. कोणता सिद्धांत कोणाचा, कोणती अवस्था कोणत्या वर्षापासून, योग्य पर्याय निवडा.

खरं तर त्यांची गरज त्या फुलीच्या आधी असते. एकाच चुकीकडे बघताना हे सगळे वेगवेगळे प्रश्न विचारतात. मुलाच्या डोक्यात संख्या कशी बसली आहे? त्याला किती मदत पुरेल? एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरून ठेवाव्या लागताहेत? सराव नेमका कशाचा होतो आहे? वर्गात हे सिद्धांत फसतात ते बहुतेक वेळा चुकीच्या वेळी वापरले म्हणून. समजण्याआधी बक्षीस दिलं जातं, सवय होण्याआधी मोजायच्या काड्या काढून घेतल्या जातात, आणि पहिल्याच दिवशी 'तुम्हीच शोधा' म्हटलं जातं. हातच्याची वजाबाकी हा एकच घटक धरून हे बघू. दुसरी-तिसरीत ती येते, आणि गणिताची भीती बसायला अनेकांच्या बाबतीत इथूनच सुरुवात होते.

आधी चूक वाचा

५२ − २७ चं ३५ हे उत्तर दोन अगदी वेगळ्या वाटांनी येतं. पहिल्या वाटेने जाणारं मूल म्हणतं, दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन. दुसऱ्या वाटेचं मूल हातचा घेतं, बारातून सात वजा करून पाच लिहितं, पण दशकाच्या घरातला पाच तसाच ठेवतं. पाचातून दोन गेले तीन. पहिल्याला दशक सोडायची, म्हणजे एका दशकाचे दहा एकक करायची, कल्पनाच नाही. दुसऱ्याला ती आहे, एक पायरी गळली आहे. दोघांच्या वहीत उत्तर तेच, उपाय मात्र साफ वेगळा.

म्हणजे चूक शोधायला हे उदाहरणच कुचकामी आहे. एककांमधला फरक पाच असला की या दोन्ही चुका एकाच उत्तरावर येतात. त्याऐवजी ५३ − २६ द्या. पहिल्या चुकीचं उत्तर ३३ येईल, दुसरीचं ३७, बरोबर २७. ४० − १६ तर आणखी बोलकं आहे. उलटी वजाबाकी केली तर ३६, 'शून्यातून काही जात नाही म्हणून शून्य' असं धरलं तर ३०, हातचा घेऊन दशक कमी करायचं राहिलं तर ३४. ८५ − ४ दिल्यावर ४५ आलं तर चार दशकाखाली मांडला आहे. तिथे हातच्याचा संबंधच नाही.

१९७८ मध्ये ब्राउन आणि बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाक्या तपासून हेच दाखवलं की चुका बहुधा वेंधळेपणाच्या नसतात. मूल एक चुकीचा नियम अगदी प्रामाणिकपणे, दरवेळी तसाच पाळत असतं. उलट्या वजाबाकीचा नियम बरेचदा आपणच दिलेला असतो. पहिलीत 'नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचं' असं सांगितलं जातं, मूल ते ऐकतं, आणि तिसरीत एककाच्या घरातही पाळतं.

चाचणीला सात-आठ उदाहरणं पुरतात. दोन बिनहातच्याची, तीन हातच्याची (एककांत पाचाचा फरक नसलेली), एक एककात शून्य असलेलं, एक दोन अंकी वजा एक अंकी. ती छापून किंवा फळ्यावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. कारण पुढे येईल. उत्तर बघून झाल्यावर मुलाला शेजारी बसवून 'हे कसं केलंस ते मला सांग' एवढंच म्हणा, आणि ते सांगत असताना दुरुस्त करू नका.

पियाजे : दशक म्हणजे काय हे कळलंय का

ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) पॅरिसमध्ये मुलांच्या चाचण्यांवर काम करत होता तेव्हा त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांत जास्त रस वाटला. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने चुकत होती. त्यातून पुढे त्याच्या चार अवस्था आल्या. आपल्याला इथे कामाची आहे ती मूर्त क्रियात्मक अवस्था, साधारण सात ते अकरा वर्षांची. या काळात मुलाला दोन गोष्टी जमू लागतात. मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही हे कळतं, आणि केलेली क्रिया मनातल्या मनात उलटी फिरवता येते. हातच्याच्या वजाबाकीला नेमकं हेच लागतं. पाच दशक दोन एकक आणि चार दशक बारा एकक या एकाच संख्येच्या दोन मांडण्या आहेत हे पटलं नसेल, तर हातचा घेणं म्हणजे आकड्यांवर मारलेली काट आणि शेजारी लिहिलेला एक, यापलीकडे काही नाही.

ते पटलंय का हे दोन मिनिटांत तपासता येतं. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवा. 'किती?' बावन्न. आता त्याच्या देखत एक गठ्ठा सोडा, काड्या सुट्यांत मिसळा. 'आता किती?' जे मूल लगेच 'तेवढ्याच' म्हणतं ते तयार आहे. जे पुन्हा एकपासून मोजायला लागतं त्याला हातच्याच्या वजाबाकीवर आणू नका. चार-पाच दिवस गठ्ठे बांधणं-सोडणं हाच खेळ द्या.

इथे एक मेख आहे. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी पियाजेचा संख्येचा प्रयोग, म्हणजे वस्तूंची ओळ विस्कटून संख्या तेवढीच आहे का हे मुलाला विचारण्याचा, थोडा बदलून केला. वस्तूंची ओळ प्रौढ माणसाने विस्कटायच्या ऐवजी एका खोडकर टेडी अस्वलाच्या बाहुलीने विस्कटली. तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. एक सरळ अर्थ असा, की मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार. आपल्या वर्गात हे रोज घडतं. बाई 'नक्की?' म्हणाल्या की उत्तर बदलायचं, हे मुलं पहिलीतच शिकतात. म्हणून 'नक्की?' बरोबर उत्तरानंतरही विचारा, किंवा गठ्ठा शेजारच्या मुलाला सोडायला सांगा.

पियाजेचा सगळ्यात मोठा गैरवापर म्हणजे अवस्थांच्या वयांचं वेळापत्रक करणं. 'हा अजून त्या अवस्थेत नाही' म्हटलं की शिकवायची जबाबदारीच सरते. अवस्थांचा क्रम ठरलेला आहे असं पियाजे म्हणत होता. वयं ढोबळ आहेत, हे तोही मान्य करी. शिवाय एकच मूल संख्येत पुढे आणि वजन-आकारमानात मागे असू शकतं.

ब्रूनर : काड्या, मग चित्र, मग आकडे

जेरोम ब्रूनरने ज्ञान मनात साठवण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या: कृतीतून, प्रतिमेतून, चिन्हांतून. वाचायला सोपं आहे. वर्गात बिघडतं ते तपशिलात, म्हणून इथे जरा थांबू.

मुलांच्या प्रत्येक जोडीला शंभर काड्या आणि दहा रबर बँड लागतात. आइस्क्रीमच्या काड्या, खराट्याचे हीर, काहीही चालेल. पालघरजवळच्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या माँटेसरी साधनांऐवजी आजूबाजूच्या वस्तूच वापरल्या होत्या, तेव्हा साहित्य नाही ही सबब फारशी टिकत नाही. चिंचोके मात्र इथे नकोत. त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही, आणि या घटकाचा सगळा जीव गठ्ठा सोडण्यात आहे. खेळातल्या नोटा दुसऱ्या टप्प्यावर चांगल्या, पहिल्या नाही. दहाच्या नोटेत दहा रुपये दिसत नाहीत. ती मोडून सुटे आणावे लागतात. गठ्ठ्यात दहा काड्या डोळ्यांना दिसतात, रबर काढलं की त्याच काड्या हातात असतात. म्हणून काड्या आधी, नोटा नंतर.

५२ − २७ साठी फक्त बावन्न काड्या मांडायच्या. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण कित्येक जोड्या बावन्न मांडतात, खाली सत्तावीसही मांडतात आणि मग एकोणऐंशी काड्यांकडे बघत बसतात. उभ्या मांडणीत दोन संख्या दिसतात, म्हणून मुलं दोन्ही ठेवतात. सत्तावीस ही काढून घ्यायची संख्या आहे. ती पाटीवर असते, जमिनीवर नसते.

एक मूल काड्या हलवेल, दुसरं लिहील. पहिल्याने गठ्ठा सोडला की त्याच क्षणी दुसऱ्याने पाचावर काट मारून वर चार लिहायचा. सुट्या काड्या दोनांत मिसळल्या की दोनाच्या जागी बारा लिहायचे. सात काढले, पाच उरले, लिहा. दोन गठ्ठे काढले, दोन उरले, लिहा. मग अदलाबदल. कृती आणि आकडा एकाच वेळी शेजारी-शेजारी यायला हवेत. सोमवारी काड्या आणि मंगळवारी फळ्यावरची रीत असं केलं, तर मुलाला या दोन वेगळ्याच गोष्टी वाटतात. काड्यांनी बरोबर उत्तर काढणारं मूल वहीत ३५ लिहितं त्याचं कारण बहुतेक हेच असतं.

पुढे काड्यांच्या जागी चित्र. गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्याला ठिपका. सोडलेल्या गठ्ठ्याच्या रेघेवर काट मारून शेजारी दहा ठिपके. मग नुसते आकडे. काड्या कधी काढायच्या यासाठी एक व्यवहारी कसोटी वापरता येते. पाच उदाहरणं दाखवून, काहीही न करता, फक्त एवढंच विचारा: 'गठ्ठा सोडावा लागेल का?' पाचपैकी चार वेळा अचूक सांगितलं तर त्या मुलाला काड्या नकोत. ज्यांना हव्यात त्यांच्यासाठी त्या टेबलावरच राहू द्या, कोणी उठून घेतल्या तर टोमणा मारू नका.

व्हायगॉट्स्की : किती मदत, आणि कोणत्या भाषेत

लेव्ह व्हायगॉट्स्कीचा जन्मही १८९६ चाच, पण १९३४ मध्ये सदतिसाव्या वर्षी क्षयाने तो गेला. मूल एकट्याने जे करू शकतं आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकतं, त्या दोहोंमधल्या पट्ट्याला त्याने समीपस्थ विकासाचं क्षेत्र म्हटलं. शिकवायचं त्या पट्ट्यात. मदतीच्या तात्पुरत्या आधाराला पाड किंवा मचाण म्हणायची पद्धत मात्र त्याची नव्हे. ती वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या १९७६ च्या लेखातून आली. तयारीच्या गाइडांत दोन्ही एकाच नावावर खपतात.

पट्टा कुठे आहे हे मोजायचं कसं? मदतीच्या पायऱ्या आधी ठरवून. पहिली: 'पुन्हा एकदा वाच बघू.' दुसरी: 'एककाच्या घरात किती आहेत? त्यातून सात काढता येतील?' तिसरी: 'मग आणखी कुठून मिळतील?' चौथी: समोर गठ्ठे ठेवून 'यातला कोणता सोडशील?' पाचवी: आपण आणि मूल मिळून करणं. नेहमी वरून सुरुवात करायची, आणि ज्या पायरीवर गाडी पुढे सरकली तो आकडा वहीच्या समासात लिहायचा. सोमवारी ४, बुधवारी ३, शुक्रवारी २ अशी उतरण दिसली तर ठीक. आठवडाभर ४ वरच अडलं असेल तर काम बहुधा आपणच करतोय. मूल फसलं तर पुढच्या वेळी एक पायरी जास्त मदत, जमलं तर एक पायरी कमी. आधार देणं म्हणजे एवढंच. पहिल्या पायरीवरही जे सगळं बरोबर करतं त्याला हे पान सोडवायला लावणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं.

'हुशार' मुलाच्या शेजारी 'कच्चं' मूल बसवण्याची आपली जुनी रीत इथे व्हायगॉट्स्कीच्या नावाने खपवली जाते. पाच मिनिटांत हुशार मूल गणित सोडवून मोकळं होतं आणि दुसरं उतरवून घेतं. नियम एकच ठेवा: समजावणाऱ्याच्या हातात पेन्सिल नाही. त्याने फक्त वरचे प्रश्न विचारायचे.

व्हायगॉट्स्कीचा भाषेचा मुद्दा मराठी वर्गाला फार जवळचा आहे. मुलं काम करताना पुटपुटतात: 'दोनातून सात नाही... एक सोडला... बारा...' हे पुटपुटणं म्हणजे विचारच आहे, पुढे तो आत जातो. 'गप्प बसून सोडवा' म्हटलं की नेमकी हीच आधाराची काठी काढून घेतली जाते. मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारकडे पावरी बोलणारं मूल त्याच्या भाषेत पुटपुटत असेल तर ते उत्तमच. उत्तर मराठीत सांगायचं पुरे.

मग संख्यानामं. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतात, लिहिताना पाच आधी येतो. म्हणून तोंडी सांगितलेलं बावन्न पंचवीस होऊन वहीत उतरतं. एकोणसाठ ऐकून मूल ६९ लिहितं, कारण साठ तेवढं ऐकू आलेलं असतं. वजाबाकी अचूक असते, संख्याच दुसरी असते. चाचणी लिहून द्यायची ती याचसाठी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' अशी वाचनपद्धती आली तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ उठला. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या गणित समितीने तो बदल केला होता तो जोडाक्षरं आणि उलट्या क्रमामुळे मुलं अडखळतात म्हणूनच. वादात कोणाची बाजू घ्यायची ते घ्या, वर्गात दोन्ही रूपं वापरता येतात: 'बावन्न, म्हणजे पन्नास आणि दोन.' दशक सोडायच्या क्षणी दुसरं रूप जास्त कामाचं, कारण त्यात पन्नास वेगळे ऐकू येतात.

डोक्यात जागा किती

आता ज्या मुलाने ५३ − २६ चं ३७ काढलं त्याच्याकडे वळू. त्याला दशक सोडणं समजलं आहे. तरीही पाचाचा चार करायचं राहतं. आपण पुन्हा काड्या काढतो, पुन्हा समजावतो, ते मान डोलावतं आणि पुन्हा ३७ लिहितं.

जॉन स्वेलर यांचा बोधात्मक भाराचा सिद्धांत इथे उपयोगी पडतो. नवी माहिती हाताळताना आपण एका वेळी फार थोड्या गोष्टी मनात धरू शकतो, प्रौढांतही साधारण चार. हे मूल तेरातून सहा बोटांवर मोजतंय. मोजताना सगळी जागा त्या मोजणीनेच भरते आणि 'दशक एकाने कमी करायचं आहे' हे बाहेर ढकललं जातं. त्याला समज कमी नाही, जागा कमी पडते. उपाय दोन. एक, दशक सोडल्याबरोबर, वजाबाकी सुरू करायच्या आधी काट मारून चार लिहून टाकायचा. मनात ठेवायचाच नाही. दोन, विसाच्या आतल्या वजाबाक्या तोंडपाठ करायच्या.

पाठांतर म्हटलं की रचनावादी, म्हणजे मूल ज्ञान स्वतः रचतं असं मानणाऱ्या, मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण हिशोब बघा. ११ ते १८ मधून एक अंकी संख्या वजा करून एक अंकीच उत्तर येतं अशा वजाबाक्या ३६ आहेत. त्यात दहातून एक ते नऊ वजा करायच्या ९ मिळवा. झाल्या ४५. रोज पाच घेतल्या तर शाळेचे नऊ दिवस. आधी दहाच्या जोड्या, मग बाकीच्या 'दहापर्यंत ये, मग पुढे जा' अशा रीतीने: तेरातून सहा म्हणजे आधी तीन काढले, दहा, आणखी तीन काढले, सात. समजून केलेलं पाठांतर जागा मोकळी करतं.

याच सिद्धांतातून सोडवलेल्या उदाहरणांची रीत येते. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं की नवशिक्यांना नुसती गणितं देत राहण्यापेक्षा एक सोडवलेलं, एक सोडवायचं असं आलटून पालटून दिलं तर ती लवकर शिकतात. आपल्या घटकात पहिलं उदाहरण पूर्ण सोडवलेलं द्या. दुसऱ्यात शेवटचा अंक मोकळा. तिसऱ्यात दशकाची काट मुलाने मारायची. चौथं पूर्ण त्याचं. जमणाऱ्या मुलांना हे देऊ नका. त्यांना सोडवलेलं उदाहरण वाचत बसणं हेच ओझं होतं.

आणि इथेच ज्ञानरचनावादाचं एक दुखणं. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्य शासनाचा कार्यक्रम सुरू झाल्यावर फरशीवर संख्यारेषा आल्या, माळा आल्या, भिंती बोलक्या झाल्या. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या (शाळांच्या एका गटातल्या) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. बरंच चांगलं घडलं. पण काही ठिकाणी अर्थ असा निघाला की मूल स्वतः शिकतं, तेव्हा शिक्षकाने बोलायचं नाही. मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हे खरं. ३५ हेही त्याने स्वतःच रचलेलं असतं. संख्या, गठ्ठे, सोडणं यांच्याशी खेळायला मोकळीक द्या. लिहिण्याची रीत मात्र स्पष्ट दाखवा; ती माणसांनी ठरवलेली पद्धत आहे, तासभर बसवलं तरी मूल ती शोधून काढणार नाही.

स्किनर आणि बक्षिसाचा गुंता

१९५३ मध्ये वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसला आणि अस्वस्थ होऊन बाहेर पडला. सगळी मुलं एकाच गतीने चालली होती, आणि उत्तर बरोबर की चूक हे कळायला त्यांना वाट बघावी लागत होती. त्यातून त्याने प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते लगेच दाखवणारं अध्यापन यंत्र बनवलं. यंत्र मागे पडलं, पण निदान अजून खरं आहे. रविवारसाठी वीस वजाबाक्या दिल्या आणि मुलाचा नियम चुकलेला असला, तर सोमवारी त्याच चुकीचा वीस वेळा सराव झालेला असतो. त्यापेक्षा वर्गातच पाच द्या आणि प्रत्येकीनंतर लगेच तपासू द्या. पुठ्ठ्याच्या कार्डाच्या मागे उत्तर लिहिलं तरी पुरतं. आणखी चांगलं म्हणजे ताळा करायला लावणं: उत्तर ३५ आलं? मग ३५ अधिक २७ किती? बासष्ट. आपण तर बावन्नपासून सुरुवात केली होती.

चॉकलेट, स्टार, टाळ्या यांचं काय? १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं. नंतर मोकळ्या वेळेत त्या मुलांचं चित्र काढणं कमी झालं. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं किंवा मिळालंच नाही त्यांचं झालं नाही. तेव्हा ज्याला गणित आवडतं त्याच्यासमोर स्टारचं आमिष धरू नका. जे मूल वही उघडतच नाही त्याला सुरुवातीला छोटं बक्षीस चालेल, पण ते प्रयत्नाशी जोडा आणि हळूहळू विरळ करा. छडी आणि पाणउतारा यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहेच. घंटा ऐकून कुत्र्याला लाळ सुटते हे दाखवणाऱ्या पाव्हलोव्हच्या भाषेत सांगायचं तर मारामुळे मूल वजाबाकी शिकत नाही, गणिताचा तास सुरू होताच घाबरायला शिकतं.

शाबासकीतही 'किती हुशार आहेस!' पेक्षा 'काट आठवणीने मारलीस' हे बरं, कारण दुसऱ्यात पुढच्या वेळी काय करायचं ते आहे. 'प्रयत्नाने बुद्धी वाढते' असं सांगणाऱ्या वाढीच्या मानसिकतेच्या (ग्रोथ माइंडसेट) पोस्टरांवर मात्र फार भरवसा ठेवू नका. मोठ्या प्रमाणावरच्या अभ्यासांत तिचा परिणाम लहानच निघाला आहे.

फळ्यावर कोणाला बोलवायचं

अल्बर्ट बांडुराची ओळख आपल्याकडे १९६१ च्या बोबो बाहुलीपुरती राहते: मोठ्यांना बाहुलीला मारताना बघून मुलंही मारतात, हा तो प्रयोग. वर्गासाठी त्याचं जास्त मोलाचं काम म्हणजे 'हे मला जमेल' या विश्वासाबद्दलचं. शंक आणि हॅन्सन यांनी १९८५ मध्ये नेमकी हातच्याची वजाबाकी न जमणारी आठ ते दहा वर्षांची मुलं घेतली. काहींना त्यांच्याच वयाच्या मुलाने वजाबाकी शिकल्याचा व्हिडिओ दाखवला, काहींना शिक्षकाचा, काहींना कोणाचाच नाही. बरोबरीच्या मुलाला बघणाऱ्यांचा आत्मविश्वास आणि गुण दोन्ही सर्वांत जास्त वाढले.

आपण फळ्यावर बोलावतो ते पहिल्या नंबराच्या मुलाला. ते भराभर सोडवतं आणि मागच्या बाकावरच्याला एवढंच कळतं की हे आपलं काम नाही. त्यापेक्षा गेल्या आठवड्यात अडत होतं आणि आता जमतंय अशा मुलाला बोलवा, आणि मोठ्याने बोलत सोडवायला सांगा: 'इथे मी आधी उलटं करायचो... थांब, दोनातून सात नाही जात... गठ्ठा सोडू.' त्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा. अचानक उभं केलं तर हाच उपाय अंगावर येतो.

शिकण्याच्या शैलींचा, म्हणजे दृश्य, श्राव्य, कृतिशील अशी मुलं वेगळी काढण्याचा रकाना पाठाच्या टाचणात अजून दिसतो. मुलांना त्यांच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने ती जास्त शिकतात याला आधार सापडलेला नाही. सगळ्यांनाच काड्याही लागतात, चित्रंही आणि शब्दही. हा रकाना निश्चिंतपणे रिकामा सोडावा.

जमल्यानंतरचे तीन आठवडे

घटक संपला की आपण पुढच्या पानावर जातो, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं कोरी होऊन येतात. विसरणं वेगाने सुरू होतं हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या एबिंगहाउसने १८८५ मध्येच मांडलं होतं. पूर्ण उजळणीला वेळ नसतो, आणि तिची गरजही नसते. घटक झाल्यावर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी तासाच्या सुरुवातीला चार उदाहरणं पाटीवर, वही न उघडता. त्या चारांत एक बेरीज, एक बिनहातच्याची वजाबाकी आणि दोन हातच्याची असू द्या. सरमिसळ महत्त्वाची आहे. पानभर फक्त हातच्याची गणितं केलेलं मूल ६८ − २३ मध्येही गठ्ठा सोडतं आणि एककाच्या घरात पंधरा लिहून बसतं. कुठे सोडायचा हे ठरवायची वेळच त्याच्यावर आलेली नसते.

तीन अंकी संख्यांकडे जाताना खरी परीक्षा शून्याची: ३०४ − १२८. इथे नोटा बाहेर काढा. शंभराच्या तीन, दहाची एकही नाही, एक रुपयाची चार नाणी. आठ रुपये द्यायचे आहेत, दहाची नोट नाही. मुलं 'बँके'त जाऊन शंभराची एक नोट मोडतात, दहाच्या दहा घेतात. त्यातली एक मोडून दहा नाणी घेतात. हातात आता शंभराच्या दोन, दहाच्या नऊ, नाणी चौदा. प्रत्येक मोडीला पाटीवर काट मारत गेलं की उत्तर १७६ येतं. २७६ आलं तर दहाच्या नोटा मिळाल्या, पण शंभराची नोट बँकेत द्यायची राहिली. त्या मुलाला पुन्हा बँकेत पाठवा, आणि या वेळी नोट घेणाऱ्या मुलाला सांगून ठेवा: आधी शंभर हातात घे, मगच सुटे दे.